दोन बाटल्या झऱ्याचं पाणी

तांबळवाडीतून मुंबईला जाणारा माणूस सोबत काय काय नेतो, हे बघायचं असेल तर एस.टी.च्या टपाकडे बघावं. नाचणीचं पीठ, तुपाची बरणी, पोतंभर पावटा आणि एखादी कोंबडी, जिला आपण कशासाठी निघालो आहोत याची पूर्ण कल्पना असते. मी दोन बाटल्या पाणी नेलं.

"मास्तर, मुंबईत पानी मिळत न्हाय व्हय?" कंडक्टरने विचारलं.

"तीर्थ आहे," मी म्हणालो.

त्याने चपला काढल्या, बाटल्यांना हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मला काय, तेवढंच पाहिजे असतं. गेली अठरा वर्षं मी गावच्या जत्रेतल्या नाटकात राक्षसांची कामं करतो आहे. वर्षभर शाळेत मुलं मला भितात, जत्रेच्या दिवशी त्यांचे बाप भितात. माझ्या थापेवर कुणी विश्वास ठेवला की त्या दिवशी मला दोन घास जास्त जातात. ही एवढीशी थाप मुंबईत माझ्या अंगाशी येणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर मी तोंड मिटून बसलो असतो. बसलो असतो का? कुणास ठाऊक.

मुंबई न पाहिलेल्यांसाठी मी हे लिहितो आहे, पण आधी तांबळवाडी न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. आमचा गाव डोंगराच्या कुशीत. माथ्याजवळ एक झरा आहे. त्याच्या तोंडाशी वरची वाडी पाणी भरते. मीही तिथलंच पितो. तिथून ओढा निघतो आणि कुरणाच्या पायथ्याने खाली जातो. कुरणावर गावाची सगळी गुरं चरतात आणि ओढ्यात उभी राहतात. म्हैस पाण्यात उभी राहिली म्हणजे काय काय करते, ते सांगायला नको. त्याच्या खाली, त्याच ओढ्यावर, खालची वाडी पाणी भरते. खालच्या वाडीतली माणसं गेल्या वर्षी बौद्ध झाली. पाणवठा मात्र होता तोच राहिला.

पूर्वी कुरणावर गुडघाभर गवत असायचं. पण मुंबईत गिरणीत पगार वाढला की तांबळवाडीत एक म्हैस वाढते. गावाकडे भावाच्या किंवा बायकोच्या हवाली म्हैस ठेवायची आणि मुंबईत छाती फुगवून चालायचं, ही आमच्याकडची रीत. गुरं वाढली, गवत मुळापर्यंत गेलं, खुरांच्या वाटांच्या घळी झाल्या. आता पावसाळ्यात सगळा उतार तांबडा होऊन ओढ्यात उतरतो. म्हाताऱ्याच्या कोपरासारखा मुरूम ठिकठिकाणी वर आला आहे.

माझा संबंध हजेरीपटापुरता. श्रावण लागला की खालच्या वाडीतली मुलं गैरहजर व्हायला लागतात आणि दिवाळीपर्यंत तशीच राहतात. पोट. तिसरीतली तानी त्यातलीच. वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजात वाचणारी. मागच्या श्रावणात तिचा भाऊ सोपान त्याच पोटाने गेला. मी त्याच्या नावावर रेघ मारली, आणि ती मारताना माझा हात थांबला, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

कुरणाला दोन पावसाळे बंदी घालावी असं मी गावच्या बैठकीत म्हणालो. "निम्मी गुरं मुंबईकरांची," म्हाताऱ्यांनी सांगितलं, "त्यांचा होकार आना." तालुक्याच्या डॉक्टरांनी परळच्या एका प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाला चिठ्ठी दिली. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो. एक बाटली झऱ्याच्या तोंडाशी भरली, तिला लाल धागा बांधला. दुसरी खालच्या वाडीच्या पाणवठ्यावर तानीची आई चंद्राबाई हिने भरली. तिला काळा धागा.

"सांडू नका, गुर्जी," चंद्राबाई म्हणाली. "आन मुंबई काय म्हनली, ते मला येऊन सांगा."

काळाचौकी

मुंबईत आमच्या गावाची एक खोली आहे. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्या घरातल्या गोठ्यापेक्षा थोडी लहान. तीत तांबळवाडीचे चौदा बाप्ये राहतात. एकाच वेळी नव्हे. एक पाळी गिरणीत, एक पाळी झोपेत आणि एक पाळी चहा पीत असते. ट्रंका भिंतीशी एकावर एक, वळकट्या दांडीवर, आणि कोपऱ्यात गावच्या देवाचा नारळ. ज्याला गावात घर आहे त्याला या खोलीत पथारी आहे. मुंबईने असलं काही निर्माण केलं असेल हे मला पटत नाही. हे आमच्या लोकांनी गावाहून डोक्यावर आणलं असणार.

खोलीचे कारभारी रामजीनाना. साठीला आलेले, कानात कापसाचं बोंड. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि बाटल्या वर काढल्या.

"हे काय, गुर्जी?"

मी घसा खाकरला. चौदांपैकी नऊजण समोर होते. एवढे प्रेक्षक आयते मिळाले की माझ्यातला राक्षस जागा होतो. "नाना," मी डोळे फिरवून म्हणालो, "हे आपल्या झऱ्याचं तीर्थ आहे. याला कुणीही हात लावायचा नाही. रविवारी गावकऱ्यांची बैठक घेऊ, तीत त्याचं दर्शन होईल!"

नानांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि दोन्ही बाटल्या देवाच्या नारळापाशी ठेवल्या. दारात उभ्या गणपतने लांबूनच हात जोडले. गणपत म्हणजे दोन म्हशींचा मालक, धिप्पाड गडी, बोलायला लागला की शेजारच्या खोलीतलं मूल उठतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो आणि माझी अब्रू गेली. चाळीच्या अंगणात एक नळ. त्याच्यापुढे बादल्या, कळशा, डबे, एक फुटका हंडा, सगळे रांगेत. माणूस एकही नाही. मी म्हटलं, वा, मोकळंच आहे. धोतर खोचलं आणि घरच्यासारखा नळाखाली बसून "हर गंगे" सुरू केलं.

"अरे देवा! ह्यो कोण बसलो?" वरच्या गॅलरीतून आवाज आला आणि त्यामागून एक ठेंगणी बाई जिना उतरून आली. शेजारच्या खोलीतली राधाकाकी, मालवणकडची. "मास्तरानू, हयसर नळ आसा, गावचो व्हाळ नाय! ती रांग दिसता मां?"

"रांगेत कुणीच नाही, काकी."

"बादली हा मां! बादली म्हणजे माणूसच. हो हंडो पाटलीणबायचो, ती कळशी वरच्या म्हातारीची. एका नळार चाळीस बिऱ्हाडां रवतंत, ती भांडान रवतंत काय? पाळयेन रवतंत!"

मी साबणाच्या फेसासकट उभा राहिलो आणि रांगेच्या शेवटी गेलो. माझ्याकडे बादली नव्हती, म्हणून मीच बादलीच्या जागी उभा राहिलो. गॅलरीतल्या बायका हसून हसून वाकल्या. पण खरं सांगतो, पुढचा अर्धा तास मी बघत राहिलो. ज्याची पाळी येई तो येऊन भरून जाई. म्हातारीची कळशी तिच्या आधीच्या बाईने भरून वर पोचवली. आमच्याकडे अख्खा झरा आहे आणि आम्हाला हे जमलं नाही. दुपारी राधाकाकीने बांगड्याची आमटी पाठवली, बहुतेक पश्चात्ताप म्हणून. तिखटाने माझ्या कानातून वाफ निघाली. मी तिला माफ केलं.

परळ

प्रयोगशाळेत ज्यांच्या नावाची चिठ्ठी होती ते कांबळे नावाचे तरुण गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, बारीक चष्मा. त्यांनी बाटल्या उजेडात धरल्या.

"कधी भरल्या?"

"परवा."

"बाटली उकळून घेतली होती?"

"राखेने घासली होती. स्वतः."

त्यांनी चष्मा काढला. "गुरुजी, राग नका मानू. ह्या पाण्याची पोटाच्या रोगासाठी तपासणी करून आता उपयोग नाही. बाटली उकळलेली पाहिजे, बर्फात ठेवून त्याच दिवशी आणायला पाहिजे. ह्यात आता काहीही निघालं तरी ते झऱ्याचं की तुमच्या राखेचं, कसं सांगणार?"

 दीड दिवसाचा प्रवास, एक कंडक्टर पाया पडलेला, आणि निकाल असा. माझं तोंड बघून कांबळ्यांना दया आली असावी. त्यांनी काचेची दोन उंच नळकांडी आणली, दोन्ही बाटल्या हलवून प्रत्येकीतलं अर्धं पाणी एकेकात ओतलं आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ. तोवर हेच काय ते सांगेल."

समोरच्या इराण्याकडे बसलो. ब्रून मस्का मागवला. हा पाव इतका टणक की माझी एक दाढ अजून त्याची आठवण काढते. भिंतीभिंतीवर डांबराने लिहिलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. तेवढ्यात रस्त्यावरून मोर्चाच आला. पुढे बायका, कडेवर पोरं, मागे गिरणीची एक अख्खी पाळी. ट्राम थांबली. ट्रामचा ड्रायव्हरही घोषणा देऊ लागला. कांबळे चहा टाकून बाहेर गेले, मीही गेलो, आणि "झालाच पाहिजे" अशी राक्षसाच्या आवाजात एक आरोळी ठोकली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी दचकून मागे पाहिलं. एकीच्या कडेवरचं मूल रडू लागलं. कांबळे हसत हसत मला परत आत घेऊन आले.

"छान आवाज आहे," ते म्हणाले. मग बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "लाल धागा वरच्या पाण्याला. काळा खालच्या. बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही कुठलं पिता?"

"लाल."

"मुलं कुठली आजारी पडतात?"

मी पाव चहात बुडवला. त्यांनी बशी संपवली, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "माझी आई अजून सांगते, गावाला ती पाणवठ्यापासून लांब उभी राहायची. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी." एवढंच. आवाज चढला नाही की उतरला नाही. चौदा वर्षं मी त्या शाळेत मास्तर आहे. खालच्या वाडीच्या मुलांना मी पुढच्या बाकावर बसवतो याचा मला अभिमान होता. शाळा सुटल्यावर ती कुठलं पाणी पितात, हे मला एका हजेरीपटाने सांगावं लागलं.

परत आलो तर एका नळकांड्यात पाणी होतं आणि दुसऱ्यात पाण्याखाली बोटभर तांबडा गाळ.

"हे बघा," कांबळे म्हणाले, "हे तुमचं कुरण. इथे येऊन बसलंय."

मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर डोंगर काढला. चित्र चांगलं नव्हतं, म्हैस बशीसारखी दिसत होती, पण मला सगळं समजलं. उतारावर गवत असलं की पाणी जमिनीत मुरतं. गवत गेलं की पाणी धावतं आणि माती घेऊन जातं. घळीत दगडांचे आडवे बांध घाला. ओढ्याच्या काठाला काटेरी कुंपण करा, म्हणजे गुरं आत उतरणार नाहीत. "आणि गुरांना पाण्यात नेऊ नका. पाणी गुरांकडे आणा. पन्हळीने बाजूला काढा, दगडी डोणीत सोडा."

निघताना त्यांनी बाटल्यांतलं उरलेलं अर्धं अर्धं पाणी मला परत दिलं. रविवारच्या बैठकीत हाच प्रयोग मी करणार होतो. बाटली टेबलावर ठेवायची, तासभर भाषण करायचं, आणि गाळ खाली बसला की हात वर करून गरजायचं, "महाराष्ट्राची भूमी मागायला निघालात, आणि ही पाहा तुमची भूमी, बाटलीत!" मी हे वाक्य परळपासून काळाचौकीपर्यंत चालता चालता सतरा वेळा म्हणून पाहिलं. एका पोलिसाने मला हटकलं.

गिरगाव

शुक्रवारी मला काही काम नव्हतं, म्हणून मी ट्रामने गिरगावात गेलो. नाटकाचं सामान मिळणाऱ्या एका दुकानात बेगडी मुकुट घेतला. आमचा जुना मुकुट उंदरांनी खाल्ला आहे. दुकानदार तो कागदात गुंडाळायला लागला तर त्याची शिंगं कागदात मावेनात. शेवटी मी म्हटलं, राहू दे. मुकुट जिथे असायला हवा तिथेच नेतो. आणि डोक्यावर घातला.

गावाकडे मी असा निघालो असतो तर वीस पोरं मागे लागली असती. गिरगावात एका माणसाने फक्त वेळ विचारली.

वाट चुकून खोताच्या वाडीत शिरलो. लाकडी घरं, निळे-पिवळे कठडे, एवढ्या अरुंद गल्ल्या की मला मुकुट तिरका करून चालावं लागलं. एका ओट्यावर लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस असलेली आजीबाई सुकट निवडत होती. मी पाणी मागितलं. तिने आत जाऊन पितळी पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला. मी कोण, कुठला, कुणाचा, काहीसुद्धा विचारलं नाही. मी पेला रिकामा केल्यावर मात्र विचारलं, "राजा हाय का राक्षस?"

"राक्षस, मावशी."

"तरी म्हटलं," ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

पुन्हा काळाचौकी

जिना चढलो तेव्हा खोली भलतीच शांत होती. दुपारची वेळ. पहिल्या पाळीचे लोक नुकतेच आले होते. सात-आठजण गोल बसलेले. मधे माझ्या दोन्ही बाटल्या, रिकाम्या.

 रविवारची बैठक, बोटभर गाळ, हात वर करून गरजणं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत त्या बाटल्यांतून निघून गेलं.

"गुर्जी, चूक झाली," रामजीनाना खाली मान घालून म्हणाले. "तुमी तीर्थ म्हनलासा. ह्यो गणपत म्हनला, चार वर्सं गावाचं पानी प्यालो न्हाय, एक घोट घेऊ द्या. मग ह्यो म्हनला मला बी, त्यो म्हनला मला बी. आमी पळी पळी वाटून घेतलं."

कोपऱ्यातला एकजण धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता. "लाल धाग्याचं पानी तोंडात घेतलं," तो म्हणाला, "आन मला आमची आई दिसली बगा. कळशी घिऊन." आता या माणसावर रागावणार कसं? मी मुकुटासकट खाली बसलो.

"मंग दुसरी उघडली," नाना म्हणाले. "तांबडी दिसली. म्हनलं, आपल्या मातीचा रंग हाय, त्येला काय हुतंय. गणपतनं हलवून हलवून घेतली."

"निम्मी मीच प्यालो," गणपत म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "गुर्जी, त्यात काय घातलं व्हतं? शेणाचा वास मारतोय. अजून जिभंवर हाय."

"मी काही घातलेलं नाही."

"मंग झरा न्हाय त्यो."

"तोच झरा आहे, गणपत. कुरणाखालून आलेला. तुझ्या म्हशी ज्यात उभ्या राहतात तो."

"ह्ये कोन पितंय?"

"खालची वाडी."

सगळ्यांचे डोळे रिकाम्या बाटलीवर गेले. ही माणसं वाईट नव्हेत. पण गावाहून देवाचा नारळ आणला तसं आणखीही काही त्यांनी डोक्यावर आणलं होतं, आणि ते या क्षणी सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. रामजीनाना उठले. दाराशी तांब्या होता तो त्यांनी उचलला. चूळ भरायला निघाले आहेत हे सगळ्यांना कळलं. ते उंबऱ्यापर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले, आणि तांब्या होता तिथे ठेवून पुन्हा जागेवर येऊन बसले.

"चंद्रीचं पोरगं त्यानंच गेलं?" त्यांनी विचारलं.

"तसंच दिसतं, नाना. तपासून सिद्ध करता आलं नाही. पण तसंच."

रविवार

बैठक चाळीच्या अंगणात भरली. कामावर असलेले सोडून सगळे तांबळवाडीकर आले. माझ्याकडे भरलेली बाटली नव्हती, पण बाटलीने आपलं काम चालूच ठेवलं होतं. गणपतचं पोट शनिवारी सकाळी सुटलं. चाळीत संडास चार आणि माणसं किती ते विचारू नका. हातात डबा घेऊन तो रांगेत उभा राहायचा, पाळी येऊन परत येईपर्यंत पुन्हा रांगेत लागायची वेळ व्हायची. राधाकाकीने त्याला जायफळ उगाळून दिलं, मीठसाखरेचं पाणी पाजलं, आणि शेवटी संडासाच्या रांगेतल्या बायांना दटावलं, "ह्येका फुडे जाऊ देयात गो, पोर सुकान गेला!"

मी सोपानचं आणि तानीचं सांगितलं, मग कांबळ्यांचा कागद दाखवला. बांध, कुंपण, डोण. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दोन पावसाळे बंदी, हे शब्द आले आणि माना थांबल्या.

"म्हशी काय खातील, गुर्जी?" एकजण म्हणाला. "माझी बायको दूध इकून पोरं सांभाळती."

"माझं बी तेच," दुसरा म्हणाला.

त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्यांनी गणपतकडे पाहिलं. दोन म्हशींचा मालक, मोठ्या आवाजाचा. त्याने विरोध केला असता तर माझी मुंबई तिथेच संपली असती. गणपत भिंतीला टेकून बसला होता, दोन दिवसांत गाल आत गेलेले. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढे झुकून ऐकावा लागला.

"गुर्जी, ती तानी... किती वर्सांची हाय?"

"आठ."

"आन ती रोज पिती?"

"रोज."

"मी एकदा प्यालो," गणपत म्हणाला. "माझं बघा काय झालं. मी येवढा गडी." तो भिंतीशी सरळ होऊन बसला. "माझ्या म्हशी बांधून घालतो. कापून आनलेला चारा घालील माझी बायको. मी सांगतो तिला."

वरच्या गॅलरीत राधाकाकी कपडे वाळत घालत होती. तांबळवाडीच्या बैठकीत तिला काही स्थान नव्हतं, पण मुंबईत असल्या गोष्टींनी बाया थांबत नाहीत. "बांधून कित्याक घालतंस?" ती वरूनच म्हणाली. "कुरणाचे दोन वाटे करा. एक बंद, एक उघडो. फुडल्या वर्सा उलट. नळार भांडां लायतंत तशी म्हशींची रांग लावा. तुमच्या मास्तराक शिकवलंय मी, इचारा त्येका!"

सगळे हसले. मी मोठ्यांदा हसलो. साबणाच्या फेसात उभं राहून शिकलेलं कधी वाया जात नाही.

नानांनी ठराव सांगितला. निम्मं कुरण एका पावसाळ्याला बंद, पाळीपाळीने. ओढ्याला कुंपण. डोणीसाठी दगड गावचा, गवंडी मुंबईकरांच्या खर्चाने. आणि होळीला जे गावी येतील त्यांनी चार दिवस बांध घालायचे, जो येणार नाही त्याने आपल्याऐवजी माणूस द्यायचा. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "आन चंद्रीला सांगा, कुंपन व्हईस्तवर खालच्या वाडीनं वरनं पानी भरावं. आमची काय हरकत न्हाय."

एकदोघे चुळबुळले. "नाना, गावातली म्हातारी मानसं काय म्हनतील?"

"काय म्हनायचं त्ये म्हनूं देत," नाना म्हणाले. "त्यास्नी सांगा, मुंबईची खोली बाटली. आता व्हायचं त्ये झालं."

मी आयुष्यात बरीच भाषणं पाठ केली आहेत. असं एकही मला कुणी लिहून दिलं नाही.

तांबळवाडी

गावच्या म्हाताऱ्यांनी काय म्हटलं ते मी सगळं लिहीत नाही. त्यातलं बरंच लिहिण्यासारखं नाही. एकाने माझ्याशी बोलणं सोडलं आहे, आणि तो जत्रेत माझ्यासमोर देवाचं काम करतो, त्यामुळे यंदा नाटक कसं होणार, ही मला मोठी चिंता आहे. पण गणपतच्या बायकोने तिसऱ्या दिवशी म्हशी दावणीला बांधल्या. ओढ्याच्या काठाने निवडुंग लावायला सुरुवात झाली आहे. खालच्या वाडीच्या बायका वर आल्या तेव्हा पहिल्या दिवशी वरच्या बायका झऱ्यावरून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. चौथ्या दिवशी दोघी बसून राहिल्या. पुढचं अजून घडतं आहे.

पण हे सगळं नंतरचं. मी एस.टी.तून उतरलो तेव्हा संध्याकाळची उन्हं होती आणि चंद्राबाई थांब्याजवळच्या बांधावर बसून होती. किती दिवस येऊन बसत होती, कुणास ठाऊक. शेजारी तानी. तानीने माझ्या डोक्यावरचा मुकुट पाहिला आणि तोंडावर हात दाबला.

"मुंबई काय म्हनली, गुर्जी?" चंद्राबाईने विचारलं.

वाटेत मी पुष्कळ काही ठरवलं होतं. कांबळे, कागद, दोन वाटे, पाळी, डोण. ते सगळं बाजूला राहिलं. मी पिशवीतून काळ्या धाग्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"प्यायली, चंद्राबाई."

तिने बाटली उजेडात धरली. उलटी केली.

"समदी?"

"सगळी. रामजीनाना, गणपत, सगळे. चूळसुद्धा भरली नाही."

परळला बाटली उकळलेली लागते, तेवढंही मी सांगितलं. मग तिने दातांनी गाठ सोडून काळा धागा काढला, तो तानीच्या हातात दिला आणि पदराने बाटली आतबाहेर पुसली.

"ठिवते उकळून," ती म्हणाली. "फुडच्या वक्ताला दोन्ही बिनधाग्याच्या न्या."